पायऱ्या, सावली आणि मातीचा गोल

दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन आहे. गावाकडची मंडळी तिथे उतरतात, तेव्हा सोबत अकरावी-बारावीतली मुलेही असतात. त्यांचे राजघाट, लाल किल्ला, संसद पाहून होते. पण याच रस्त्याला येऊन मिळणाऱ्या हेली रोडवर ‘अग्रसेन की बावली’ आहे, म्हणजे आपली बारव. डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रलच्या सूत्रांनी जे मूल वैतागले आहे, त्याला मी आधी तिथे नेईन.

ही बारव सुमारे ६० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद आहे. पायऱ्या एका बाजूने चढत जातात, त्यामुळे पाणी जितके वर येईल तितका त्याचा पृष्ठभाग लांबतो. आता समजा, झरा एकाच वेगाने वाहतो आहे. तळाशी पातळी भराभर चढेल आणि वर येता येता मंदावेल, कारण पातळीचा वेग म्हणजे झऱ्याचा प्रवाह भागिले त्या क्षणीचे पृष्ठफळ. हे झाले विकलन. एकूण पाणी किती, असे विचारले तर प्रत्येक पायरीच्या उंचीइतका थर मोजायचा आणि सगळ्या थरांची बेरीज करायची. पायऱ्यांऐवजी गुळगुळीत उतार असता, तर थर पातळ-पातळ करत जावे लागले असते. हे संकलन. दोन्ही गोष्टी एकाच दगडी आकारात आहेत, आणि मुले त्या दोन वेगळ्या प्रकरणांत, दोन वेगळ्या वह्यांत शिकतात.

तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर, संसद मार्गावर सवाई जयसिंगाने १७२४ मध्ये बांधलेले जंतरमंतर आहे. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून तिचा चढ दिल्लीच्या अक्षांशाइतका, साडेअठ्ठावीस अंशांहून किंचित जास्त. तिची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर तासाला १५ अंश, घटकेला ६ अंश, अशी एकसारखी सरकते. सपाट जमिनीवर उभ्या काठीची सावली अशी वागत नाही. विषुवदिनी दिल्लीत एक मीटर काठीची सावली माध्यान्हीला सुमारे ५५ सेंटिमीटर असते; सूर्यवेळेने एक वाजता ६३, दोनला ८५, तीनला १२६. तासातासाची वाढ ८, २२, ४१. ऐन माध्यान्हीला, सावली सर्वांत लहान असताना, बदलाचा वेग शून्य होतो. ‘किमान मूल्याशी विकलज शून्य’ हे वाक्य काठी आणि मोजपट्टी घेऊन पाहता येते. जयसिंगाच्या बांधकामातली हुशारी अशी, की योग्य भूमिती निवडून त्याने वेडावाकडा वेग सरळ करून घेतला.

क्षणाक्षणाच्या वेगाचा हा विचार आपल्या मातीतही जुना आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० मध्ये लिहिला. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती ग्रहणाच्या गणिताला पुरत नाही, त्या क्षणाचीच हवी, म्हणून त्यांनी तात्कालिक गती मांडली. ज्येतला (साइन) सूक्ष्म बदल कोटिज्येच्या (कोसाइन) प्रमाणात असतो, हे त्यांनी त्यात वापरले. ग्रहाच्या मध्यम स्थानात करायची दुरुस्ती जिथे सर्वाधिक, तिथे त्या दुरुस्तीचा वेग शून्य, हेही त्यांच्या ध्यानात आले होते.

मला त्याहून मोलाचे वाटते ते गोलाच्या पृष्ठफळाचे विवेचन. त्यांच्या आधीच्या लल्ल या गणितज्ञाचे सूत्र चुकीचे होते. ते भास्कराचार्यांनी नुसते खोडले नाही. आपल्याच भाष्यात ते मातीचा किंवा लाकडाचा गोल करायला सांगतात. माथ्यावर खूण करून २२५-२२५ कलांच्या (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला) अंतराने वर्तुळे आखायची. अर्ध्या गोलावर अशी २४ वर्तुळे होतात, त्यांच्यामधल्या पट्ट्यांची क्षेत्रफळे मिळवत जायची. दुसऱ्या रीतीत ते आवळ्याच्या फोडींसारखे उभे काप घेतात. उत्तर येते गोलाच्या मध्यावरील वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. सीमेची संकल्पना तिथे नाही, म्हणून याला पूर्ण कलनशास्त्र म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण हातात माती देऊन बेरजेकडे नेणारा असा शिक्षक आज किती वर्गांत भेटतो? चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो स्थापला त्यांचे नातू चांगदेव यांनी.

हे गणित मुलांपर्यंत कसे न्यायचे, या प्रश्नाला दिल्लीने पुढे आपले उत्तर दिले. दिल्ली कॉलेजातले मास्टर रामचंद्र यांनी महत्तम-लघुतम मूल्यांचे प्रश्न केवळ बीजगणिताने सोडवणारे इंग्रजी पुस्तक १८५० मध्ये कलकत्त्यात छापले. इथला विद्यार्थी बीजगणिताच्या परंपरेतून आला आहे, त्याला तिथूनच पुढे नेऊ, हा त्यांचा विचार. ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८५९ मध्ये ते लंडनला पुन्हा प्रसिद्ध केले. अवघड प्रश्नांत ही रीत फार लांबते हे खरे. पण मुलाला काय आधीच येते, इथून त्यांनी सुरुवात केली, आणि ते मला पटते. इकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘शून्यलब्धिगणित’ हे कलनावरचे पुस्तक मराठीतून लिहिले होते.

आता आजच्या पुस्तकाकडे पाहा. एनसीईआरटीने अलीकडे बारावीच्या गणिताचा भार कमी करताना स्पर्शिका व अभिलंब हा भाग आणि दोन वक्रांमधले क्षेत्रफळ वगळले. म्हणजे नेमकी भूमितीच कापली गेली, आणि सूत्रे पाठ करण्याचे काम तसेच राहिले. मला हे मनापासून खटकते. भार हलका करायचाच होता, तर किचकट इंटिग्रेशनच्या युक्त्या कमी करता आल्या असत्या. स्पर्शिका वाचवायला हवी होती, कारण वेग डोळ्यांना दिसतो तो तिच्यातच.

पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेपासून जंतरमंतर लांब नाही. तिथल्या मुलांनी २१ मार्चच्या आसपास काठी, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद नेऊन दर पंधरा मिनिटांनी सावली मोजावी, बिंदू जोडावेत आणि वक्राला स्पर्शिका काढाव्यात. चाळीसगावच्या मुलांनी त्याच दिवशी तेच करावे. त्यांचा अक्षांश कमी आहे, म्हणून त्यांची माध्यान्हीची सावली दिल्लीपेक्षा आखूड भरेल. मग दोन्ही आलेख एकमेकांना पाठवून, कुठला वक्र कुठे जास्त उभा चढतो, ते दोन्हीकडच्या मुलांनी शोधावे.