वेतन आहे, खडू नाही!

अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकार देते, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु केवळ वेतनावर शाळा चालत नाही. विजेचे बिल, खडू, प्रयोगशाळेचे साहित्य, गळक्या छपराची दुरुस्ती यांसाठी मिळावयाचे वेतनेतर अनुदान राज्य सरकारने २००४ साली बंद केले. २०१३ साली ते पुन्हा सुरू झाले खरे; पण वेतनाच्या अवघे ५ टक्के, आणि तेही पाचव्या वेतन आयोगाच्या हिशेबाने! सहावा आयोग तर त्यापूर्वीच लागू झाला होता. खर्च आजचा आणि मोजमाप कालचे, असा हा न्याय.

१८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले ते स्वार्थत्याग व लोकाश्रय यांच्या बळावर. तेव्हा सरकार परके होते. आज सरकार आपले, मोफत शिक्षणाचा संकल्पही त्याचाच. मग वीजबिलासाठी शाळाचालकांनी पालकांपुढे झोळी पसरावी काय? देणगीतून इमारत उभी राहते; रोजचा दिवा तिच्यावर जळत नाही. अनुदान चालू वेतनाशी जोडावे व वर्षारंभीच शाळांच्या हाती द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.