विश्लेषण : गाव तसा वीजदर? शहापूर-मुरबाडला परवडेल का?

घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण शहापूर तालुक्यातील चोंढे येथे आहे. प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट. तरीही चोंढ्यातील घरगुती ग्राहकाला महावितरणचा तोच दर लागतो, जो कल्याण किंवा नागपूरच्या ग्राहकाला. हा दर ठिकाणानुसार ठरला तर?

ठिकाणानुसार दर म्हणजे काय?

यात तीन खर्च मोजतात : वीजनिर्मितीचा, तारांमध्ये वाया जाणाऱ्या विजेचा आणि वाहिनी अपुरी पडल्याचा. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून, तर अमेरिकेतील टेक्सासमध्ये २०१० पासून घाऊक बाजारात असे दर आहेत. ते थेट गावच्या रोहित्रापर्यंत नेण्याची कल्पना मात्र नवी आहे.

वाहिनीच्या टोकाला काय होते?

मुरबाडच्या डोंगराळ भागात वस्त्या विखुरलेल्या, त्यामुळे वाहिन्या लांब. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की हानी चौपट होते. शिवाय उपकेंद्रापासून दूर जावे तसा विजेचा दाब घटतो. म्हणजे निव्वळ खर्चावर दर काढला, तर संध्याकाळी सर्वांत महाग वीज टोकाच्या पाड्याला मिळेल. मात्र त्याच पाड्यावर सौर वीज तयार होऊन तिथेच वापरली गेली, तर लांबून आणायची वीज वाचते. म्हणून त्या युनिटचे मोलही जास्त.

कायद्यात तरतूद आहे?

आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६२(३) नुसार आयोग भौगोलिक स्थान पाहून दरात फरक करू शकतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने विदर्भ, मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली होती. भारनियमनाच्या काळात तर वीजहानी आणि वसुली पाहून वाहिन्यांचे ए ते जी असे गट पाडले गेले. दर एकच, पण अंधाराचे तास वेगळे!

मग मार्ग कोणता?

टोकाच्या ग्राहकाचा दर न वाढवता तिथल्या सौर विजेला जादा मोबदला देता येईल. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ दरम्यानच्या वापरावर सवलत मिळते. वेळेला ठिकाणाची जोड द्यायची, तर आधी प्रत्येक रोहित्राचा चोख हिशेब हवा. नाहीतर अंतराचा भुर्दंड पाड्यालाच बसेल.