फेरे वजा करण्याची वर्षं

यंदा आमच्या अकरावीचं गणित कॉलेजशी टायअप केलेल्या खाजगी क्लासकडे गेलं. मी उरलो हजेरीपुरता. त्यांनी त्रिकोणमिती दोन तासांत उरकली. फळ्यावर ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’, खाली ‘९०, २७० ला साइनचा कॉस’, संपलं.

नव्वदचं दशक वेगळं होतं. इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर व्हायचा आणि पायरीपायरीला मार्क असे. टॅन (-११२५°) दिला की पोरं आधी उणे चिन्ह बाहेर काढत, मग सहा वेळा १८०, म्हणजे १०८०, वजा करत. उरले ४५, उत्तर उणे एक. साइनला ३६० चा अख्खा फेरा लागतो, टॅनला अर्धाच का पुरतो? मागच्या बाकावरचाही उठून वर्तुळ काढायचा: समोरासमोरच्या बिंदूंत क्ष आणि य दोघांचीही चिन्हं उलटतात, भागाकार तोच.

गावातले एक क्लासमालक तेव्हाच मला ऐकवायचे, “सर, वर्तुळाला मार्क कोण देतं?” मी पूर्वपरीक्षेत विचारलं: साइन १० धन की ऋण? अंशाचं चिन्ह मुद्दाम नव्हतं, म्हणून हे १० रेडियन. त्यांची सगळी पोरं ‘धन’ लिहून मोकळी. अर्धा फेरा ३.१४ रेडियनचा, असे तीन ९.४२ ला संपतात, उरलेले ०.५८ तिसऱ्या चरणात पडतात. म्हणजे ऋण, सुमारे -०.५४. गृहस्थ ‘पेपर चुकलाय’ म्हणत थेट प्राचार्यांकडे गेले. मी एक मार्कही वाढवला नाही, आजही वाढवणार नाही.

पुढे सीईटी आली, मध्ये दोन वर्षं जेईई मेन, २०१६ पासून पुन्हा सीईटी. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. प्रश्नाला १०८ सेकंद. साइन ७५° साठी ४५ आणि ३० ची बेरीज मांडायची कशाला? उत्तर एकाच्या जरा खाली असणार, तसा पर्याय शोधायचा. खरं तर हीच रीत, दोन कोनांच्या बेरजेची ज्या (साइन) काढायची, भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘ज्योत्पत्ती’त दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. आमच्या सहली मात्र वॉटरपार्कला जातात.

टायअपवाल्यांच्या नोट्स परवा चाळल्या. साइन १० आहे, अंशाच्या चिन्हाविना. उत्तर छापलंय ०.१७३६.