पायाखालची घंटी

दहिसरहून ग्रँट रोड म्हणजे पश्चिम रेल्वेवर सुमारे ३२ किलोमीटर. जलद लोकल तिथे थांबत नाही, त्यामुळे मुंबई सेंट्रलला उतरून स्लो पकडायची किंवा सरळ चालत सुटायचं. एवढी यातायात करून गिटार वाजवणारा एखादा मुलगा लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या नावाप्रमाणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कुठल्याशा काउंटरपाशी पोचतो आणि म्हणतो, ‘गिटारचा फूटस्विच द्या.’ बहुतेक वेळा त्याच्या हातात निळ्या बुडाचा, नऊ पायांचा जाडजूड खटका पडतो. खटका उत्तम असतो, पण त्याला हव्या त्या कामाचा नसतो.

त्याला हवं असतं ते लूपरसाठी. लूपर म्हणजे वाजवलेला तुकडा टिपून घेऊन तोच गोल गोल वाजवत राहणारा डबा. चार मात्रांचे कॉर्ड एकदा वाजवायचे, ते फिरत ठेवायचे आणि वर सुरावट वाजवायची. दोन्ही हात गिटारवर गुंतलेले, म्हणून हुकूम पायाने द्यायचा. ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. संगीत नाटकाच्या साथीचा ऑर्गन पायाने भाता हलवूनच वाजायचा आणि पायपेटी तर नावातच पाय घेऊन आली.

छोट्या लूपरची अडचण अशी की त्याला खटका एकच असतो. टिपून घेणं, वाजवणं, वर थर चढवणं, थांबवणं, पुसणं हे सगळं त्याच एका खटक्याने करायचं. बॉस कंपनीच्या आरसी-१ या एकखटकी लूपरला थांबवायचं तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, आणि गाण्याचा शेवट समेवर आणायचा असेल तर त्यातला दुसरा ठोका बरोबर समेवर पडावा लागतो. म्हणून जादा खटका हवा, ज्याचं काम फक्त ‘थांब’ म्हणायचं. असा खटक्याचा डबा घरी करायला सोपा असतो. जड असतात त्याभोवतीचे गैरसमज.

त्यातला पहिला आणि सगळ्यांत महाग गैरसमज म्हणजे गिटारचा आवाज या खटक्यातून जातो. तो तिथून जातच नाही. गिटार लूपरला एका तारेने जोडलेली असते, लूपर अँप्लिफायरला दुसऱ्या तारेने. फूटस्विच बाजूच्या तिसऱ्याच सॉकेटात खोचलेला असतो. त्या सॉकेटात लूपरने स्वतःच एका रोधामार्फत साधारण ३ ते ५ व्होल्टचा बारीकसा दाब धरून ठेवलेला असतो. पाय पडला की दोन तारा एकमेकींना चिकटतात, तो दाब शून्यावर येतो आणि आतल्या प्रोसेसरला कळतं की कुणीतरी बटण दाबलं. दाराची घंटी वाजवावी तसंच.

एवढं ध्यानात आलं की निम्मी खरेदी आपोआप गळून पडते. ऑक्सिजनमुक्त तांब्याची महागडी तार नको, कारण इथे आवाजाचा दर्जा नावाची गोष्टच नाही. गिटारच्या तारेला जाळीचं आवरण लागतं, कारण तिच्यातला संकेत अगदी नाजूक असतो आणि ट्यूबलाइटची गुणगुण तो लगेच उचलतो. फूटस्विचला ती भीती नाही. पाच मीटर साधी दोन पदरी तार पुरते. अडॅप्टर नको, बॅटरीही नको. दिवा लावायची हौस असेल तरच वीज लागते, आणि ती हौस पहिल्या डब्यात टाळलेली बरी.

१६ मार्च २०२४ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर लूपर वापरणारा गायक एड शीरन एकटा गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याने मैदान डोलवलं, तेव्हा अनेकांची नजर त्याच्या पायांकडे होती. त्याच्यासाठी खास बनवलेल्या त्या यंत्रणेचं नाव ‘च्युई मॉन्स्टा’. तिथेही पायाखालचे खटके फक्त आज्ञा पाठवतात आणि आवाज सांभाळायचं काम संगणकावरची एबलटन लाइव्ह ही प्रणाली करते. खटका कितीही नावाजलेल्या पायाखाली असला तरी त्याचं काम घंटीच्या बटणाचंच.

आता तो निळा, नऊ पायांचा खटका. त्याचं नाव थ्री-पीडीटी. इफेक्ट पेडलमधून गिटारचा आवाज आत घालायचा की बाहेरून वळवायचा, आणि सोबत दिवाही लावायचा, या कामासाठी तो घेतात. तो दाबला की दाबलेल्याच अवस्थेत अडकून राहतो आणि पुन्हा दाबला की सुटतो. लूपरला मात्र पाय उचलताक्षणी सुटणारा खटका लागतो. ‘काय फरक पडतो, दाबला की चालतो ना?’ हा प्रश्न काउंटरवर हमखास येतो. फरक पडतो तो असा. लूपरच्या भाषेत खटका दोन सेकंद दाबून धरला म्हणजे बहुधा ‘शेवटचा थर काढ’ किंवा ‘सगळं पुसून टाक’. अडकून राहणारा खटका लावला की पाय कधीच बाजूला झालेला असतो, पण लूपरच्या लेखी तो अजून दाबलेलाच. कॉर्ड छान फिरताहेत, वादक डोळे मिटून सुरावटीत शिरतो आणि मागचं सगळं गायब होतं. दोष लूपरच्या माथी मारला जातो.

लॅमिंग्टन रोडच्या बोलीत या दोन जातींना सोपी नावं आहेत. अडकणारा तो ‘पुश ऑन-पुश ऑफ’, सुटणारा तो ‘पुश टू ऑन’. ‘गिटारचा’ हा शब्द न उच्चारता नुसतं ‘पुश टू ऑन, पायाने दाबायचा’ म्हटलं की योग्य पुडी पुढे येते. दोन पायांचा खटका पुरतो. उरलेले सात पाय शोभेला घ्यायची गरज नाही.

मग घंटीचंच बटण का नको? विजेच्या दृष्टीने ते अगदी बरोबर जातीचं आहे, आणि जोडणी तपासून पाहायची असेल तर दहिसरच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानातून ते आणून चालवता येतं. पण ते बोटासाठी बनवलेलं असतं, टाचेसाठी नाही. शिवाय त्यात आणखी एक गोम आहे, जी भल्याभल्या जाणकारांना उलटी वाटते. जास्त अँपिअरचा खटका म्हणजे जास्त टिकाऊ, असा सगळ्यांचा समज असतो. घरातल्या विजेचे खटके मोठा प्रवाह वाहायला बनवतात. त्यांच्या आतल्या चांदीच्या टोकांवर हवेने काळपट थर चढतो आणि तो थर मोठ्या प्रवाहाच्या ठिणगीनेच साफ होत राहतो. लूपरचा प्रवाह मिलिअँपिअरच्याही आतला. एवढ्याशा प्रवाहाने थर फुटत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत दोन पावसाळे गेले की दहापैकी एखादा ठोका गिळला जातो, मग दोन. ६ अँपिअरचा दणकट खटका इथे कमी पडतो आणि कमी प्रवाहासाठीचा, सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या टोकांचा छोटा खटका वर्षानुवर्षं चालतो. या सबंध डब्यात सोन्यावर पैसे घालावेत अशी जागा हीच एक.

जोडणीची पिन हे खरं घोळाचं ठिकाण. ६.३५ मिलिमीटरची ही जाड पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली. तिथल्या ऑपरेटर अशाच पिना खोचून माणसांना माणसांशी जोडत. ती दोन प्रकारची असते. मोनो पिनीला टोक आणि दांडा असे दोन भाग. स्टीरिओ पिनीला एक काळी रेघ जास्त, म्हणून टोक, कडी आणि दांडा असे तीन. फूटस्विचच्या बाबतीत ‘स्टीरिओ’चा डाव्या-उजव्या आवाजाशी काही संबंध नसतो. अर्थ एवढाच की एका तारेतून दोन खटके जोडता येतील. एक टोकाला, दुसरा कडीला, दांडा दोघांत सामाईक.

इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे हाताशी असलेली गिटारची मोनो तार स्टीरिओ सॉकेटात खोचणं. मोनो पिनीला कडी नसते. तिचा लांब दांडा सॉकेटातल्या कडीच्या पत्तीलाही टेकतो आणि लूपरला वाटतं की दुसरा खटका कुणीतरी सतत दाबून धरलाय. डबा निर्दोष, सोल्डरचे डाग पक्के, तरी लूपर वेड्यासारखा वागतो. उपाय म्हणजे तार बदलणं.

एका स्टीरिओ तारेतून दोनच खटके, हेही पूर्ण खरं नाही. डिजिटेक कंपनीच्या जॅममॅन लूपरसोबत चालणारा एफएस३एक्स हा डबा तीन खटक्यांचा आहे आणि तार तीच. त्याची युक्ती सुरेख आहे. पहिला खटका टोक दांड्याला जोडतो, दुसरा कडी दांड्याला, आणि तिसरा दोन्ही एकाच वेळी. लूपर समजतो: दोन्ही एकदम, म्हणजे तिसरा. पण तिसरा खटका थेट दोन्हींना जोडला तर टोक आणि कडी कायमची एकमेकींना चिकटतील आणि मग कुठलाही खटका दाबला तरी तिसऱ्याचाच हुकूम जाईल. म्हणून मध्ये दोन डायोड घालतात. डायोड म्हणजे विजेचा एकमार्गी रस्ता. टोकाकडून खटक्याकडे एक, कडीकडून खटक्याकडे दुसरा. टोकाचा प्रवाह कडीच्या गल्लीत शिरू शकत नाही, कारण समोरून येणारा डायोड त्याला अडवतो. १एन४१४८ या क्रमांकाचा काचेचा इवलासा डायोड इथे चालतो. त्याच्या एका टोकावरची काळी पट्टी खटक्याच्या बाजूला ठेवायची. पट्टी उलटी बसली तर काही जळत नाही, नुसतं काम होत नाही.

आणि हे ‘जळेल’ प्रकरण! हजारो रुपयांच्या लूपरला घरचा डबा लावायला लोक घाबरतात. पण टोक दांड्याला टेकवणं हे त्या सॉकेटाचं नेमून दिलेलं काम आहे. नुसत्या खटक्यात स्वतःची ऊर्जा नसते, त्यामुळे त्याच्या हातून घात व्हायचा नाही. घात होतो तो त्या सॉकेटात बाहेरची वीज सोडली तर, दिव्यासाठी नऊ व्होल्टची बॅटरी घुसडून वगैरे. किंवा फूटस्विचची पिन चुकून अँप्लिफायरच्या स्पीकरच्या सॉकेटात गेली तर. शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल कापून वापरायची कल्पनाही कुणाकुणाला सुचते, कारण दिसायला ते अगदी हवं तसं असतं. ते २३० व्होल्टच्या मार्गावरचं, दाबाप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं यंत्र आहे. त्याला या कामातून लांबच ठेवावं.

डब्याबद्दल थोडक्यात. धातूचाच हवा असं काही नाही, कारण आवाज आत नाही तर आवरण कशाला? मात्र माणसाचं वजन पेलवलं पाहिजे. बिस्किटांच्या डब्याचा पत्रा महिन्याभरात खोलगट होतो. ओतीव अॅल्युमिनियमचा छोटा डबा सर्वांत बरा. घरातला जुना पाटही झकास चालतो: खाली दोन पाय असल्याने तारा लपतात आणि जमिनीवर तो सरकत नाही. फक्त पाटाची फळी जाड आणि खटक्याचा आटा आखूड, म्हणून १२ मिलिमीटरच्या भोकाभोवती खालून फळी कोरून पातळ करावी लागते. डाग देताना २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न बस होतो. तो जास्त वेळ टेकवून ठेवला तर खटक्याच्या आतलं प्लॅस्टिक वितळतं. नव्या खटक्याच्या बहुतेक मृत्यूंचं कारण हेच.

खरेदीआधी मात्र एक गोष्ट बघायलाच हवी: आपल्या लूपरला बाहेरच्या खटक्याचं सॉकेट आहे का? टीसी इलेक्ट्रॉनिकचा साधा डिट्टो लूपर खूप खपला, पण त्याला असं सॉकेट नाही. सगळ्या लूपरना सगळं जोडता येतं, या समजापायी पाट कोरून झाल्यावर हे कळलं की जिव्हारी लागतं.

शेवटची तक्रार वेळेची. ‘घरच्या खटक्याने लूप मागे पडतो.’ धातूची टोकं टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात, पण ते लूपर स्वतःच सांभाळून घेतो. हिशेब पायाचा मांडायला हवा. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, १६ मात्रांचा लूप ९.६ सेकंदांचा. लूप बंद करताना पाय ५० मिलिसेकंद उशिरा पडला तर प्रत्येक आवर्तन तेवढंच लांबतं. सोबत मेट्रोनोम चालू असेल तर बाराव्या आवर्तनाला, म्हणजे दोन मिनिटांच्या आत, लूप पुरी एक मात्रा मागे गेलेला असतो.

तरीही दर वेळी पायालाच दोष देऊ नये. खटके दोन स्वभावांचे असतात. काही एरवी सुटे असतात आणि दाबल्यावर जोडले जातात, काही एरवी जोडलेले असतात आणि दाबल्यावर सुटतात. कीबोर्डच्या सस्टेन पायडलमध्येही कंपनीगणिक हाच फरक सापडतो. बॉसच्या एफएस-५यू या तयार फूटस्विचला म्हणूनच स्वभाव उलटा करायची बारीक कळ दिलेली आहे. लूपरला एक अपेक्षित असेल आणि डबा दुसऱ्या जातीचा असेल, तर डबा बंद पडलेला वाटत नाही. तो चालतो, फक्त पाय पडताना नव्हे तर उठताना. पाय खाली असतो तेवढा शे-दीडशे मिलिसेकंदांचा वेळ दर हुकुमात मिसळतो. हे तपासायला यंत्र लागत नाही. गिटार बाजूला ठेवायची, खटका सावकाश दाबून तसाच धरायचा आणि लूपरचा दिवा कधी बदलतो ते बघायचं: दाबल्याबरोबर की सोडल्यावर. सोडल्यावर बदलला तर लूपरच्या सेटिंगमध्ये दिशा उलटायची सोय आहे का ते शोधायचं. ती नसेल तर ग्रँट रोडची आणखी एक खेप, आणि या वेळी ‘पुश टू ऑन’ऐवजी ‘पुश टू ऑफ’ मागायचा.