मधपेट्या आताच उघडून पाहा



पावसाळाभर सातेरी माश्यांनी कसेबसे दिवस काढलेले असतात. उघाड पडली की रानात फुलोरा येण्याआधी पेट्यांकडे वळा. ऐन फुलोऱ्यात सुतारकाम काढाल, तर हंगाम हातचा जाईल.

आधी तळपाट काढा. त्यावर मेणाचा चुरा आणि जाळी दिसली, तर मेणकिडा शिरला असे समजा. सातेरी माशी त्याच्याशी फार झुंजत नाही. त्रास वाढला की राणीसह सारी वसाहत उडून जाते, मागे राहते रिकामी पेटी! म्हणून तळपाट खरवडून घ्या. पोळे उन्हाकडे धरून पाहा. उजेड दिसत नसेल इतके काळे असेल, तर वितळवून मेण करा. प्रत्येक पिलावा घरात आपले अस्तर सोडून जातो आणि घरे अरुंद होतात.

रिकाम्या पेट्या आतून जाळाने हलक्या शेका. रंग फक्त बाहेरून द्या. मेणपत्रा मात्र सातेरीचाच मागा. युरोपीय माशीच्या पत्र्यावरची घरे मोठी असतात. दुकानदार ‘चालतो हो’ म्हणाला तरी घेऊ नका.

मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. साखरपाणी देत असाल, तर मधकोठी चढवण्यापूर्वी बंद करा. नाहीतर मधाऐवजी साखरच कोठीत भरेल. मधयंत्राचे पिंप गंजले असेल तर बदला. मध आंबट गुणाचा, तो गंज लगेच धरतो.