विश्लेषण : अंकाई-टंकाईचा एक दिवसाचा ट्रेक… गटाला पैसे भरण्याआधी काय विचाराल?

पावसाळा सरत आला की मनमाड परिसरातील डोंगर हिरवे होतात आणि मोबाइलवर ट्रेकच्या जाहिराती येऊ लागतात. एक दिवस, नाश्ता-जेवणासह, ‘नवख्यांसाठी सोपा’. मुंबई, पुणे, नाशिकहून येणारे अनेक गट अंकाई-टंकाईची निवड करतात. ओळखीचे कोणी सोबत नसताना अशा गटात सामील होणे कितपत सुरक्षित? आणि ‘सोपा’ म्हणजे नेमके काय?

अंकाई-टंकाई कुठे आहे?

मनमाडच्या दक्षिणेला साधारण १० किलोमीटरवर, येवला तालुक्यात अंकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले आहेत. दोन डोंगर, मध्ये खिंड. मनमाड-दौंड मार्गावर पायथ्याजवळ अंकाई स्थानक आहे, मात्र तेथे मोजक्याच गाड्या थांबतात. त्यामुळे बहुतेक गट मनमाड जंक्शनला उतरून रिक्षा किंवा जीपने अंकाई गावात पोहोचतात.

वाटेत काय पाहायला मिळते?

गावातून निघाल्यावर आधी टंकाईच्या पोटातील जैन लेणी लागतात. नक्षीदार खांब, दुमजली दालने. घाईने पाहण्याची ही जागा नाही. तेथून खिंडीत आले की एका बाजूला टंकाई, दुसऱ्या बाजूला अंकाई. अंकाईची वाट एकामागून एक दरवाज्यांतून आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांवरून वर जाते. माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान, तलाव आणि वाड्याचे अवशेष आहेत. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२०० फूट. हा किल्ला १६३५ मध्ये मोगलांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी तो लढाईविना ताब्यात घेतला.

मग हा ट्रेक सोपा म्हणायचा का?

वाट मळलेली आहे, दोराची गरज लागत नाही. नियमित चालणाऱ्याला दोन्ही किल्ले आणि लेणी पाहून पाच-सहा तासांत खाली येता येते. अडचण आहे ती उन्हाची. हा पर्जन्यछायेचा भाग. भोवती माळरान, बोरी-बाभळींची झुडपे आणि जेमतेम सावली. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. मार्चनंतर सकाळी दहालाच कातळ तापू लागतो. गडावरच्या पाण्यावर विसंबून राहू नये. माणशी किमान तीन लिटर पाणी खालूनच न्यावे. मनमाडकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण बाहेरून येणारे अनेकदा एका बाटलीवर निघतात आणि परतीच्या वाटेवर गळून जातात.

जाहिरातीतला ‘मनमाड ट्रेक’ कोणता, हे का पाहायचे?

कारण याच परिसरात हडबीची शेंडीही आहे. उंचावलेल्या अंगठ्यासारख्या आकारामुळे ‘थम्सअप’ म्हणून ओळखला जाणारा हा सुळका रेल्वेतूनही दिसतो. छायाचित्रात तो अंकाईपेक्षा आकर्षक वाटतो, पण माथ्यावर जायचे तर दोर, हार्नेस, हेल्मेट आणि तंत्र जाणणारा माणूस लागतो. जानेवारी २०२२ मध्ये येथे अहमदनगरहून आलेल्या गटातील दोन गिर्यारोहकांचा पडून मृत्यू झाला. अंकाई ही चालण्याची वाट आहे, शेंडी हे प्रस्तरारोहण. एका दिवसात दोन्ही ‘कव्हर’ करू, असे कोणी म्हणत असेल तर सुळक्याच्या पायथ्यापर्यंत जाणार की माथ्यावर, हे आधी स्पष्ट विचारावे.

सरकारी नियम काय सांगतात?

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारांतील साहसी उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. म्हणून आयोजकाकडे नोंदणी आहे का, हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

पैसे भरण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत?

• गटात किती जण आणि त्यांच्यासोबत किती लीडर? सर्वांच्या मागे कोण चालणार?
• लीडर या वाटेवर आधी येऊन गेला आहे का? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणाकडे आहे?
• विमा आहे का? असल्यास त्यात काय येते?
• एखाद्याला मध्येच थांबावेसे वाटले तर सोबत कोण थांबणार?
• हवामान बिघडले तर ट्रेक रद्द होणार का आणि पैसे परत मिळणार का?
• महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे?
• परतीची गाडी कोणती? ती चुकली तर पुढे काय?

उत्तरे टाळली गेली किंवा ‘काळजी करू नका, सगळे होते’ एवढेच सांगितले गेले, तर दुसरा गट शोधलेला बरा.

सामील होणाऱ्याची जबाबदारी काय?

दमा, रक्तदाब, गुडघेदुखी, अलीकडची शस्त्रक्रिया लीडरला आधीच सांगावी. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. माकडांसमोर खाऊ काढू नये. कड्यावर मधमाश्यांचे पोळे दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. दिवाळीनंतर माळावरचे गवत वाळते. एका विडीच्या थोटकाने ते पेटू शकते आणि गावाचा चारा जळतो. सेल्फीसाठी तटाच्या कडेला जाऊ नये. घरच्यांना लीडरचा क्रमांक आणि परतीची वेळ देऊन निघावे. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. मात्र डोंगरात रेंज सगळीकडे मिळेलच असे नाही.

दमछाक झाली तर?

खिंडीत थांबावे. लेणी पाहून झालेली असतात, समोर दोन्ही किल्ले दिसतात आणि गावही फार दूर नसते. माथा न गाठता येथून परतणाऱ्याला कमी लेखणार नाही, असा गट निवडला तर निम्मी काळजी मिटते.