चार मतांचा प्रभाग

पुण्याच्या महापालिका निवडणुकीत बहुतेक प्रभागांत मतदाराला चार मते द्यायची असतात. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब जागेची फिकट गुलाबी, क जागेची पिवळी, ड जागेची निळी. चारही जागांसाठी एकेक बटण दाबले, मग ते ‘नोटा’चे का असेना, तरच यंत्राचा लांब आवाज होतो आणि मतदान पुरे होते. 15 जानेवारी 2026 रोजी याच रीतीने 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडायचे होते. 40 प्रभाग चार-चार जणांचे, एक पाचांचा.

प्रभागाचा आकार या शहरात कधी स्थिर राहिलेला नाही. 2002 मध्ये तीन सदस्य, 2007 मध्ये एकच, 2012 मध्ये दोन, 2017 पासून चार. मुंबईत मात्र 227 प्रभाग आणि प्रत्येकाचा एक नगरसेवक. चारसदस्यीय प्रभागाची एक बाजू मान्य करायला हवी. एकसदस्यीय प्रभागात आरक्षणाच्या सोडतीतली एक चिठ्ठी वर्षानुवर्षे राबलेल्या कार्यकर्त्याला घरी बसवू शकते. चार जागा असल्या की अर्ध्या महिलांना जाऊनही त्याला दार उघडे राहते.

पण 2011 च्या जनगणनेच्या हिशेबानेही असा प्रभाग सरासरी 80 हजारांहून अधिक लोकांचा होतो. एवढ्या वस्तीत घरोघर पोचणे पक्षाच्या पॅनेलला जमते. सोसायट्यांच्या आणि वस्त्यांच्या कामातून पुढे आलेल्या अपक्षाला नाही. निवडणूक झाल्यावरही ड्रेनेज तुंबले तर चौघांपैकी कोणाला गाठायचे, हे ठरत नाही. चौघे चार पक्षांचे असतील तर फलकावर सगळ्यांची नावे येतात आणि तक्रार मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते. नागरिकाने हक्काने जाब विचारावा असा एक माणूस हवा, असे मला ठामपणे वाटते.

तो माणूसच नसला तर काय होते, हे शहराच्या कडेच्या गावांनी सोसले आहे. 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. वाघोली, सूस, नऱ्हे, किरकटवाडी, नांदेड त्यांतलीच. ग्रामपंचायती गेल्या आणि त्यांच्याबरोबर ग्रामसभाही गेली, जिथे कोणीही उठून सरपंचाला पाण्याबद्दल विचारू शकत होता. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, कारभार प्रशासकाकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश देईपर्यंत ही कोंडी कायम होती. म्हणजे सरपंच गेला आणि त्याच्या जागी गावाने निवडलेला नगरसेवक चार वर्षांहून अधिक काळ आलाच नाही. 2025 च्या जानेवारीत यांपैकी किरकटवाडी, नांदेड या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, विहिरीच्या पाण्यावर संशय आला. नगरसेवक असता तर साथ टळली असती, असा दावा मी करणार नाही. पण आधीच्या महिन्यांत गढूळ पाण्याची बाटली घेऊन ज्याच्या दारात जायचे, तो माणूस गावाने निवडलेला असता.

नगरसेवकाखेरीज नागरिकांचा आवाज पोचवायची एक वाट कायद्यात आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख आणि त्यांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. त्या जागांवर काम करणारी माणसे बसवण्यापेक्षा ओळखीची माणसे बसवण्याचा मोह पक्षांना होतो, आणि तिथेच समितीचा जीव जातो.

त्यामानाने पुण्याची एक साधी पद्धत टिकून राहिली. 2006 पासून नागरिक पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामे सुचवू शकतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. कामाचा खर्च पाच लाखांच्या आत हवा. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा, स्वच्छतागृह अशी मागणी लिहायची. सगळीच कामे मंजूर होत नाहीत, मंजूर झालेली सगळी पुरी होत नाहीत. तरीही अर्ज भरणाऱ्याला एक गोष्ट शिकावी लागते. आपला पदपथ कोणत्या खात्याचा, जागा कोणाच्या मालकीची आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या कोणत्या अभियंत्याच्या टेबलावर तो कागद जातो, हे त्याला शोधून काढावे लागते. पुढच्या वेळी मत मागायला उमेदवार दारात येतो, तेव्हा असा माणूस त्याला नेमका प्रश्न विचारतो.